चहाचा तुरटपणा आणि हृदय

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या यजमानांची अँजिओप्लास्टी झाली. रुग्णालयातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी, औषधांचा डबा समोर मांडून मी गोळ्या लावत असताना, त्यांनी हळूच विचारले, "माझा चहा चालेल ना गं?" आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलेल्या मला या साध्या प्रश्नाचे नेमके उत्तर देता आले नाही, याची मला खंत वाटली. डॉक्टरांनी "चालेल, साखर कमी करा" एवढेच सांगितले होते. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची मंडळी मात्र एकमेकांना छेद देणारे सल्ले देत होती. कोणी म्हणे चहा पूर्ण सोडा, कोणी म्हणे ग्रीन टी सुरू करा, तर एका गृहस्थांनी चहाच्या अर्काच्या कॅप्सूल आणून हातात ठेवल्या. तेव्हापासून गेले वर्षभर मी या विषयावरचे मूळ शोधनिबंध जमतील तसे वाचत आले आहे. त्यातून माझे जे मत बनले, ते इथे मांडत आहे, कारण दादरपासून डोंबिवलीपर्यंत असंख्य घरांत हाच प्रश्न रोज सकाळी गॅसवर चढत असणार.

सुरुवात जिभेपासून करते. साखर आणि दूध न घालता केलेला कोरा चहा तोंडात घेतला की जीभ आवळल्यासारखी होते, हिरडा चघळल्यावर किंवा जांभूळ खाल्ल्यावर होते तशी. या चवीला आपण तुरट म्हणतो. चहाच्या पानातील पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते, हे या तुरटपणाचे कारण आहे. प्रथिनांना आणि धातूंना चिकटण्याचा हा गुण लक्षात ठेवावा, कारण चहाचे हृदयाशी असलेले नाते समजून घेताना तो पुन्हापुन्हा समोर येतो.

चहाच्या ताज्या पानात या पॉलिफेनॉलपैकी कॅटेचिन गटाची द्रव्ये भरपूर असतात. जपानमधील कृषिरसायनतज्ज्ञ मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२९ साली हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे काढले. पुढे १९३२ साली त्या कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या जपानमधील पहिल्या महिला ठरल्या. माझ्या विद्यार्थिनींना मी त्यांची गोष्ट आवर्जून सांगत असे. हिरवा चहा आणि आपला काळा चहा एकाच झाडाचे असतात, फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. पानाला लगेच वाफ दिली किंवा ते कढईत तापवले तर त्यातील विकर (एन्झाइम) निष्क्रिय होते आणि कॅटेचिन जवळजवळ तसेच राहतात. आपल्याकडे आसामातून येणाऱ्या सीटीसी चहात मात्र पान दातेरी रुळांमधून चिरडले, फाडले आणि वळले जाते. पेशी फुटल्यामुळे विकराची आणि कॅटेचिनची गाठ हवेतील ऑक्सिजनच्या साक्षीने पडते आणि त्यांची थिआफ्लेविन व थिआरुबिजिन ही तांबूस, तपकिरी द्रव्ये तयार होतात. टपरीवरच्या कटिंगचा तो विटकरी रंग यांचाच असतो. म्हणजे काळ्या चहात कॅटेचिन कमी उरले, तरी पॉलिफेनॉल नाहीसे झालेले नसतात, त्यांचे रूप बदललेले असते. काळा चहा "निकामी" आणि हिरवा तेवढा "औषधी" ही कट्ट्यावरची समजूत म्हणूनच मला पटत नाही. (बाजारात भाजीवाल्याकडे जुडी मिळते तो गवती चहा मात्र चहाच नव्हे, ते सुगंधी गवत आहे. त्याचा वास मलाही प्रिय आहे, पण या चर्चेत त्याला स्थान नाही.)

आता हृदयाकडे वळते. या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते १९९३ साली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधील झुट्फेन गावचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा. तेथील ६५ ते ८४ वयोगटातील ८०५ पुरुषांच्या आहाराची नोंद करून पाच वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. ज्यांच्या आहारात फ्लॅवोनॉइड, म्हणजे चहाचे कॅटेचिन ज्या मोठ्या कुळातले आहेत त्या कुळातील द्रव्ये, सर्वांत अधिक होती, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सर्वांत कमी असणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी आढळला. या मंडळींच्या पोटात जाणाऱ्या फ्लॅवोनॉइडपैकी सुमारे ६१ टक्के वाटा एकट्या चहाचा होता आणि त्याच्या खालोखाल कांदा व सफरचंद यांचा. कांदाही या यादीत असल्याचे वाचून आमच्या घरात विशेष समाधान व्यक्त झाले.

त्यानंतर २००६ साली ईशान्य जपानमधील ओसाकी भागातील ४०,५३० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला पाच किंवा त्याहून अधिक कप हिरवा चहा पिणाऱ्यांत, एका कपाहूनही कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत, हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू २६ टक्क्यांनी कमी होते, आणि हा फरक पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक स्पष्ट होता. कर्करोगाच्या मृत्यूंवर मात्र काही परिणाम दिसला नाही. पाच कप हा आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. त्या भागातील कप साधारण १०० मिलिलिटरचा, म्हणजे आपल्या टपरीवरच्या कटिंगहून फार मोठा नसतो, आणि तो चहा बिनसाखरेचा व बिनदुधाचा असतो.

इथवर वाचून मी आनंदले होते, पण वेल्समधील केअरफिली येथील अभ्यासाने मला थांबवले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४५ ते ५९ वयाच्या सुमारे १,९०० पुरुषांचा १४ वर्षे मागोवा घेण्यात आला होता. तेथेही फ्लॅवोनॉलचा, म्हणजे फ्लॅवोनॉइड कुळातल्याच एका गटाचा, मुख्य स्रोत चहाच होता, तरीही हृदयविकारापासून संरक्षण काही दिसले नाही. उलट खूप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाणच अधिक होते. याची दोन स्पष्टीकरणे संभवतात. एक असे, की हे लोक चहा दूध घालून पीत होते. दुसरे असे, की अधिक चहा पिणारे पुरुष बहुधा अंगमेहनतीची कामे करणारे, धूम्रपान अधिक करणारे आणि स्निग्ध पदार्थ अधिक खाणारे होते. मला हे दुसरे स्पष्टीकरण फार महत्त्वाचे वाटते. आपल्याच मुंबईत रात्रपाळीचा कामगार, टॅक्सीचालक किंवा गोदीतला माणूस दिवसाला आठ-दहा चहा पितो तो झोप मारण्यासाठी, भूक मारण्यासाठी, आणि त्या चहासोबत बहुतेक वेळा बिडी किंवा तंबाखूही असते. अशा माणसाच्या हृदयाचे काही बिघडले, तर दोष चहाला द्यायचा की त्याच्या आयुष्याला? आणि याच न्यायाने, जपानमधला निवांत चहा पिणारा म्हातारा दीर्घायुषी निघाला, तर त्याचेही सारे श्रेय चहाला देता येणार नाही.

केवळ पाहणीवर आधारलेल्या अभ्यासांची ही मर्यादा असल्यामुळे प्रत्यक्ष प्रयोगांकडे वळावे लागते, आणि तेथे एक अतिशय सुंदर पद्धत वापरली जाते. दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधून तो काही मिनिटे घट्ट फुगवतात आणि मग एकदम सोडतात. अडलेले रक्त हातात उसळून येते, त्या प्रवाहाच्या घर्षणाने रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू पाझरतो आणि रक्तवाहिनी सैलावून रुंद होते. ती किती रुंदावली, हे सोनोग्राफीवर मोजता येते. अस्तर निरोगी असेल तर ती चांगली रुंदावते, आजारी असेल तर जेमतेम. या छोट्याशा वायूचे रक्ताभिसरणातील कार्य उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्या वर्षी मी वर्गात तासभर केवळ याच विषयावर बोलले होते, हे मला अजून आठवते.

बोस्टनमधील संशोधकांनी २००१ साली ही पद्धत हृदयधमनीचा विकार सिद्ध झालेल्या ६६ रुग्णांवर वापरली, म्हणजे माझ्या यजमानांसारख्याच माणसांवर. काही आठवडे रोज ९०० मिलिलिटर काळा चहा आणि काही आठवडे तेवढेच पाणी असा क्रम त्यांनी ठेवला. चहाच्या काळात रक्तवाहिन्या अधिक चांगल्या रुंदावू लागल्याचे दिसले, पाण्याच्या काळात तसे झाले नाही. याखेरीज ऑस्ट्रेलियात ९५ जणांवर झालेल्या एका प्रयोगात सहा महिने रोज तीन कप काळा चहा घेणाऱ्यांचा रक्तदाब २ ते ३ अंकांनी उतरल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. दोन-तीन अंक म्हणजे एका माणसाच्या दृष्टीने फार नाही. रक्तदाबाची गोळी याहून पुष्कळ अधिक काम करते, आणि म्हणून चहाच्या भरवशावर गोळी सोडण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

आता दुधाचा प्रश्न, जो आपल्यासाठी खरा प्रश्न आहे. बर्लिनमधील संशोधकांनी २००७ साली १६ निरोगी स्त्रियांना एकदा अर्धा लिटर कोरा काळा चहा, एकदा साय काढलेले दूध दहा टक्के प्रमाणात घातलेला चहा आणि एकदा नुसते गरम पाणी दिले आणि हीच दंडाची चाचणी केली. कोऱ्या चहाने रक्तवाहिनी छान रुंदावली, दूध घालताच तो परिणाम पूर्णपणे पुसला गेला. दुधातील केसीन या प्रथिनाने कॅटेचिनना बांधून ठेवले, असा त्यांचा निष्कर्ष होता. जिभेवरच्या लाळेशी चहा जे करतो, तेच तो दुधाशीही करतो आणि म्हणूनच दूध घातल्यावर चहाचा तुरटपणा कमी होतो. वास्तविक हे आपल्या प्रत्येक आजीला जिभेने ठाऊक होते.

पण गोष्ट इथेच संपत नाही. १९९८ साली झालेल्या एका प्रयोगात दुधासह चहा प्यायल्यानंतरही रक्तात पोहोचणाऱ्या कॅटेचिनचे प्रमाण घटले नव्हते. प्रथिनाने धरून ठेवलेली द्रव्ये पोटात आणि आतड्यात, प्रथिनाचे पचन होताना, पुन्हा मोकळी होत असावीत असे मला यावरून वाटते. त्यानंतर २०२२ साली ब्रिटनमधील जवळजवळ पाच लाख लोकांच्या माहितीवरून असे दिसले, की दिवसाला दोन किंवा अधिक कप काळा चहा पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्क्यांनी कमी होता, आणि दूध वा साखर घातल्याने हे चित्र बदलले नाही. यावरून दूधवाल्या चहाला सरसकट निर्दोष ठरवण्याची घाई मात्र मी करणार नाही. ब्रिटिश माणूस चहात दुधाची धार सोडतो. आपण निम्मे पाणी, निम्मे म्हशीचे दूध एकत्र उकळतो, वर आले आणि साखर घालून पुन्हा उकळी आणतो. या दोहोंना एकच नाव असले तरी ती दोन वेगळी पेये आहेत.

या सगळ्यात "अँटिऑक्सिडंट", म्हणजे शरीरातील घातक ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य, या शब्दाने फार घोटाळा करून ठेवला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षानळीत कॅटेचिन हे उत्तम अँटिऑक्सिडंट असतात यात शंका नाही. परंतु चहा प्यायल्यावर त्यांचा फार थोडा अंश रक्तात उतरतो, आणि तोही काही तासांत रूप बदलून बाहेर टाकला जातो. रक्तात आधीच असलेल्या यूरिक आम्लासारख्या अँटिऑक्सिडंटच्या मानाने तो अगदीच नगण्य ठरतो. ई जीवनसत्त्व हेही नामांकित अँटिऑक्सिडंट, पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे साडेनऊ हजार रुग्णांवरील प्रयोगात त्याच्या गोळ्यांनी हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू टळल्याचे दिसले नाही. तेव्हा चहाचा काही लाभ असेलच, तर तो रक्तवाहिनीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करण्याची चालना देण्यातून, आणि कोलेस्टेरॉल थोडेसे कमी होण्यातून येत असावा, असे आज अधिक मानले जाते. डब्यावर मोठ्या अक्षरांत "अँटिऑक्सिडंटयुक्त" असे छापलेले पाहून दुप्पट पैसे मोजणाऱ्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवे.

कॅप्सूलबाबत मी अधिक कठोर आहे. कट्ट्यावरच्या त्या गृहस्थांचा हेतू चांगला होता, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली असे नोंदवले, की पूरक आहारातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी, म्हणजे हिरव्या चहातील प्रमुख कॅटेचिन, पोटात गेल्यास यकृताची विकरे रक्तात वाढू शकतात. उकळत्या पाण्यात मुरवलेला चहा आणि बाटलीत कोंबलेला त्याचा अर्क यांत मात्रेचा केवढा फरक पडतो, ते यावरून कळावे. शिवाय यजमान कोलेस्टेरॉलची गोळी घेतात आणि तिच्यामुळेही डॉक्टर यकृताची तपासणी अधूनमधून करून घेतात. नॅडोलॉल या रक्तदाबाच्या औषधाची रक्तातील पातळी हिरव्या चहाने सुमारे ८५ टक्क्यांनी खाली आल्याचा एक छोटा प्रयोगही आहे. ते औषध यांच्या यादीत नाही, परंतु चहाचा अर्क आणि औषधे यांची गाठ डॉक्टरांना न विचारता घालू नये, एवढा बोध मला त्यातून पुरेसा वाटला.

लोहाची गोळी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना फेरिक क्लोराइडची चाचणी दाखवत असू. चहाच्या गाळलेल्या पाण्यात त्या पिवळसर द्रावणाचे दोन थेंब टाकले की क्षणात शाईसारखा काळानिळा रंग येतो, कारण पॉलिफेनॉल लोहाला घट्ट धरतात. पोटातही तेच होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रक्त कमी म्हणून मिळालेली लोहाची गोळी रोज सकाळी चहासोबत घेत होत्या. मी त्यांना ही चाचणी ओट्यावर करून दाखवली. त्या थोडा वेळ त्या काळ्या पाण्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे बाई, माझी गोळी अशी वाया जातेय होय?" आता त्या गोळी दुपारी लिंबूपाण्यासोबत घेतात.

यजमानांच्या चहात खरी मेख कुठे होती, ते मला शोधनिबंधांनी नव्हे, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने सांगितले. त्यांचा चमचा नेहमी शिगोशीग भरलेला असे. तो मी तोलून पाहिला तर सहा ग्रॅम साखर भरली. कपाला दोन चमचे, दिवसाला पाच कप, म्हणजे साठ ग्रॅम साखर केवळ चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण पन्नास ग्रॅमच्या आत असावी, आणि पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवता आली तर अधिक उत्तम. त्यात चहासोबतची खारी, संध्याकाळची बटरे, आणि सहा टक्के स्निग्धांशाचे दूध. हृदयासाठी चहात काय चांगले आहे, याचा शोध घेत मी वेल्स आणि जपानपर्यंत जाऊन आले होते, आणि त्याच कपात काय वाईट आहे ते माझ्याच ओट्यावरच्या साखरेच्या डब्यात होते.

आता आमच्याकडे सकाळी एक कप नेहमीचा दुधाचा चहा होतो, कारण तो त्यांच्या आनंदाचा भाग आहे आणि आनंद काढून घेऊन हृदय जपता येते असे मला वाटत नाही. त्यात साखर सपाट एक चमचा. दुपारी चार वाजता दोघांसाठी कोरा चहा करते. पाण्याला आधण आले की गॅस बंद करून चहापूड टाकते, झाकण ठेवून तीन मिनिटे मुरू देते, गाळल्यावर लिंबाचे चार थेंब पिळते. लिंबू पडताच गडद तांबडा रंग उजळून मधासारखा होतो, ते पाहायला यजमान मुद्दाम स्वयंपाकघरात येतात. पहिल्या आठवड्यात ते तोंड वाकडे करत असत. दोन महिन्यांनी त्यांनी साखर मागणे सोडले. फार कढत चहा ते पूर्वी पीत, तेही मी थांबवले आहे, कारण ६५ अंश सेल्सियसच्या वरची पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बहुधा घातक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली म्हटले आहे. बशीत ओतून, फुंकर घालून पिण्याची माझ्या सासऱ्यांची जुनी सवय आता आमच्या घरात परत आली आहे.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा कॅप्सूलची ती बाटली मी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी मागच्या बाजूचे बारीक अक्षर चष्मा वर करून वाचले, बाटली परत माझ्याकडे दिली आणि यजमानांना विचारले, "चहा पिता ना तुम्ही?" "पितो की, चारचा कोरा," ते म्हणाले. "मग ही कशाला?" डॉक्टर म्हणाले, आणि रक्तदाबाचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळू लागले.